भंगारात गेलेली साधनं

मंडळी, बऱ्याच दिवसांत इथे लिहिणं झालं नाही. मोतीबिंदूचं निमित्त होतं, थोडा आळसही होता. आज लिहितोय ते मात्र एका कबुलीसाठी.

आमच्या दादांची १९६९ सालची स्टँडर्ड हेरल्ड नातेवाइकांना आठवत असेलच. मागच्या सीटवर पाच पोरं कोंबून आपण देहू-आळंदी केलेली आहे! दादा गेले आणि गाडी चिंचवडला ताडपत्रीखाली पडून राहिली. गेल्या वर्षी पुतण्याने ती दुरुस्तीला काढली. एक दिवस काळेवाडीला येऊन म्हणाला, "काका, बाबांची हिरवी लोखंडी पेटी तुमच्याकडे होती ना?"

होती. बारा वर्षांपूर्वी माळा साफ करताना मी ती भंगारवाल्याला किलोवर घातली. आत मेणकागदात गुंडाळलेले पितळी तुकडे होते. मला वाटलं, नळाचं काहीतरी असेल...

ते काय होतं हे कळायला या गाडीचा इतिहास वाचावा लागला. (इतिहासाच्या मास्तराला याहून वेगळी शिक्षा ती कोणती?)

इंग्लंडच्या ट्रायम्फ कंपनीने १९५९ साली हेरल्ड काढली. तेव्हा नव्या मोटारी एकसंध सांगाड्याच्या होऊ लागल्या होत्या. पण तशा बॉड्या बनवणारा कारखाना १९५३ मध्येच प्रतिस्पर्धी कंपनीने विकत घेतला होता. म्हणून ट्रायम्फने चासी वेगळी ठेवली आणि बॉडीचे भाग बोल्टने जोडले. अडचणीतून निघालेली ही युक्ती पुढे दुरुस्ती करणाऱ्यांच्या पथ्यावर पडली. धडक बसली तर तेवढाच भाग बदलायचा! १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने ही गाडी आपल्याकडे बनवली. चार दारांची हेरल्ड तर फक्त भारतातच झाली.

तिकडे इंग्लंडात १९६२ साली हेरल्डचीच चासी आखूड करून दोन सीटची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार आली. नाव स्पिटफायर. १९८० पर्यंत अशा तीन लाखांवर गाड्या झाल्या. म्हणजे आमची हेरल्ड ही स्पिटफायरची थोरली बहीण. पुढच्या चाकांची जोडणी दोघींची एकाच घराण्यातली.

त्या जोडणीत ट्रनियन नावाचा पितळी तुकडा असतो. चाकाच्या उभ्या दांड्याचे आटे त्यात बसतात आणि स्टिअरिंग वळवलं की दांडा त्यात फिरतो. एका बाजूचे आटे उजवे, दुसऱ्या बाजूचे डावे. तिथे गिअर ऑइल घालायचं असतं. पुष्कळ जण ग्रीस भरतात. मग आत पाणी शिरतं, दांडा गंजतो आणि एखाद्या दिवशी तुटून चाक आडवं होतं. दादांनी मेणकागदात जपलेले ते हेच, न वापरलेले कोरे ट्रनियन.

आमची शोधयात्रा सुरू झाली. पुण्याच्या जुन्या बाजारात दोन फेऱ्या झाल्या. पूर्वी अशा वेळी चिखलीजवळच्या कुदळवाडीला जायचं, तिथे भंगाराचा समुद्र होता. महापालिकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथली गोदामं आणि पत्राशेड हजारोंनी पाडली. आगी, धूर, दूषित पाणी या तक्रारी खोट्या नव्हत्या. पण कुठला जुना तुकडा कुणाकडे मिळेल हे ज्यांना तोंडपाठ होतं ती माणसंही पांगली.

शेवटी भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये गेलो. तिथला म्हातारा टर्नर अजून इंचाच्या आठव्या भागाला 'सूत' म्हणतो. चाकाचे बुश त्याने हसत-हसत करून दिले. ट्रनियन हातात घेतला, व्हर्निअर लावला आणि परत ठेवला.

"नाही करणार, सर. नमुनाच झिजलाय. याच्यावरून केला तर मी झीजच उतरवीन. कोरा तुकडा आणा."

मी गप्प झालो. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दप्तरं गोळा केली, १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे बावीस खंड काढले, हे मी तीस वर्षं पोरांना शिकवलं. अस्सल कागद आणि नकलेची नक्कल यातला फरक फळ्यावर लिहून दिला. आणि घरातलं अस्सल किलोवर विकलं!

अखेर मापं जुळवून इंग्लंडहून जोडी मागवली. तिथे ती आजही नवी मिळते, कारण स्पिटफायरवेडे आजही ती विकत घेतात. एक योगायोग पाहा. १९८८ साली मद्रासचा स्टँडर्डचा कारखाना बंद पडला. त्याच साली इंग्लंडात जुने साचे हुडकून एमजीबी या स्पोर्ट्स कारच्या नव्या बॉड्या बनवायला सुरुवात झाली. ती गाडी बंद होऊनही तेव्हा आठ वर्षं झाली होती. आपल्याकडे कारागिरांचा तुटवडा कधीच नव्हता. नमुना जपायचा आपल्याला कंटाळा.

पार्सल आलं तेव्हा पुतण्या लगेच बसवायला निघाला होता. मी त्याला थांबवलं. आधी भोसरीला नेलं, म्हाताऱ्याकडून सगळी मापं काढून घेतली आणि माझ्या हाताने वहीत आकृती उतरवली. डावे-उजवे आटे लाल शाईने. पन्नाशी उलटलेल्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. त्यासाठी चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. पुतण्याचा तो अर्ज आता तयार होतोय.

पेटीबद्दल तो मला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

परवा गल्लीत भंगारवाल्याची आरोळी आली. सौ.ने दारात एक डबा काढून ठेवला होता. मी चष्मा लावून आधी तो उपडा केला. आत गंजके खिळे होते. तरी दोन ठेवून घेतले. असो.