विवेक पंडित : वेठबिगारीविरोधी लढ्यातून विधानसभेत

वसई गावाकडून होळी बाजाराच्या दिशेने पसरलेल्या वाड्या-बागांच्या पट्ट्याने २००९ साली एक अपक्ष उमेदवार विधानसभेत पाठविला. विवेक पंडित हे त्यांचे नाव. १९९० पासून सलग चार वेळा हितेंद्र ठाकूर यांच्याकडे असलेली वसईची जागा त्यांच्या गटाच्या हातून त्या वर्षी गेली.

पंडित यांची ओळख मात्र निवडणुकीपेक्षा पुष्कळ जुनी. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी सावकाराकडून उचल घेणारा आदिवासी तरुण पत्नीसह त्याच्याकडे राबे. कर्ज काही फिटत नसे. अशा गड्यास 'लग्नगडी' म्हणत. वेठबिगारी नाहीशी करणारा केंद्राचा कायदा १९७६ मध्ये झाला, तरी तो गावपाड्यांत पोहोचला नव्हता. पंडित आणि त्यांच्या पत्नी विद्युल्लता यांनी प्रथम 'विधायक संसद' ही संस्था व १९८२ मध्ये 'श्रमजीवी संघटना' उभारली. वसई तालुक्यातील उसगाव हे या कार्याचे केंद्र.

हे काम केवळ मोर्चाचे नव्हते. गडी वेठबिगार आहे हे महसूल अधिकाऱ्यापुढे सिद्ध करणे, मुक्ततेचा दाखला मिळविणे, जुने कर्ज कायद्यानेच संपुष्टात आले आहे हे मालकास मान्य करावयास लावणे, आणि मुक्त झालेल्या कुटुंबाने भुकेपोटी पुन्हा त्याच दारी जाऊ नये म्हणून पुनर्वसनाची रक्कम व किमान वेतन यांचा पाठपुरावा करणे, अशी ती चिकाटीची वाट होती. कायदा कागदावरून उतरविणे हे तो मंजूर करण्याहून कठीण असते, याचा प्रत्यय तेथे पदोपदी येई. १९९९ मध्ये लंडनच्या 'अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनल' या संस्थेने पंडित दाम्पत्यास आपला पुरस्कार दिला.

विधानसभेचे दार उघडले ते मात्र वेगळ्याच प्रश्नाने. ३ जुलै २००९ रोजी वसई, नालासोपारा, विरार व नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि ५३ गावे मिळून महापालिका स्थापन झाली. पश्चिमेकडील हिरव्या पट्ट्यातील गावकऱ्यांना करवाढीची व बांधकामांच्या लोंढ्याची धास्ती होती. ग्रामपंचायत जाणे त्यांना आपला आवाज जाण्यासारखे वाटे. गावे वगळण्याच्या त्या आंदोलनाचे पंडित नेते झाले आणि शिवसेनेच्या पाठिंब्यावर निवडून आले. आदिवासींसाठी झगडलेल्या कार्यकर्त्यास आमदारकी दिली ती प्रामुख्याने बागायतदार, ख्रिस्ती व शहरी मतदारांनी. येथील राजकारणातील ही विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे.

२०११ मध्ये शासनाने २९ गावे वगळण्याचा निर्णय घेतला; परंतु प्रकरण उच्च न्यायालयात गेले व रखडले. २०१४ मध्ये ठाकूर यांनी ही जागा परत जिंकली. पंडित पुढे राज्यस्तरीय आदिवासी विकास आढावा समितीचे अध्यक्ष झाले, म्हणजे आपल्या मूळ प्रश्नाकडेच वळले.

२०२४ च्या प्रारंभी शासनाने ती २९ गावे महापालिकेतच ठेवण्याचे ठरविले. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांच्या कन्या स्नेहा दुबे-पंडित भारतीय जनता पक्षातर्फे वसईतून निवडून आल्या; पराभूत उमेदवार होते हितेंद्र ठाकूर.