झाडीपट्टी नाटकातील प्रकारसंकेत

कथेच्या घडणीविषयी नाटककार व प्रेक्षक यांच्यात परंपरेने ठरलेला अलिखित करारनामा. ब्रह्मपुरी, वडसा व वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील या झाडीपट्टी मुलुखात त्याचे मूळ दंडारीत (पहा : दंडार) व संगीत नाटकात (पहा : संगीत नाटक) आढळते. दिवाळीनंतर मंडई (गावजत्रा), शंकरपट (पहा : शंकरपट) यांच्या निमित्ताने रात्रभर चालणाऱ्या या कौटुंबिक नाटकांत सोशिक नायिका, खलपुरुष व विनोदी पात्र ही नियत अंगे होत; करुण प्रसंग ऐन भरात येताच संवाद थांबून पद सुरू होते. कथेचे वळण पूर्वज्ञात असल्यामुळे प्रेक्षकाचे अवधान ‘काय घडते’ यावरून ‘कसे घडते’ याकडे वळते. म्हणून या संकेतांस केवळ साचा म्हणणे अन्यायाचे होय.