सर्पगंधेचे मूळ आणि हृदयाचा ताल

सर्पगंधा हे कोकणातील रानांतही आढळणारे लहानसे झुडूप. तिचे मूळ पूर्वीपासून सर्पदंशावर, निद्रानाशावर आणि वेडावर देत असत. १९३१ साली दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमाँ सिद्दीकी यांनी या मुळातील अल्कलॉइडे वेगळी केली. त्यांपैकी एकाला हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ हे नाव दिले. १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना या मुळाने आलेला गुण प्रसिद्ध केला. पुढे रक्तदाब उतरवणारे द्रव्य म्हणून १९५२ साली रेसर्पीन हाती आले. अजमलीनचा परिणाम मात्र हृदयाच्या तालावर होतो, असे आढळले.

तो कसा? हृदयाचा प्रत्येक ठोका विद्युत लहरीमुळे पडतो. पेशींच्या आवरणातील सूक्ष्म दारांतून सोडियमचे आयन आत शिरतात आणि लहर पुढे सरकते. अजमलीन ही दारे अडवते, त्यामुळे लहर मंदावते आणि भलतीकडे उठलेली लहर विझू शकते. पण हृदयाचा काही भाग आधीच दुखावलेला असेल, तर मंदावलेली लहर तेथेच गोल फिरत राहते. ताल सुधारण्यासाठी दिलेले औषधच मग ताल बिघडवते.

एन्केनाइड व फ्लेकेनाइड ही औषधेही सोडियमची दारेच अडवतात. हृदयविकाराच्या झटक्यानंतर पडणारे जादा ठोके त्यांनी कमी होत. ईसीजी सुधारला म्हणजे रुग्ण वाचणार, असा समज होता. अमेरिकेतील ‘कास्ट’ चाचणीत तो तपासला गेला. सरासरी १० महिन्यांत औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले. औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी घेणाऱ्या ७४३ जणांपैकी २६. १९८९ साली या दोन औषधांची चाचणी थांबवावी लागली.

अजमलीन आजही काही देशांत वापरतात. १९९२ साली वर्णन झालेल्या ब्रुगाडा विकाराची लपलेली खूण ते ईसीजीवर उघड करते. मात्र ही तपासणी रुग्णालयात, कडक देखरेखीखालीच करतात, कारण तीत ताल बिघडू शकतो. वनस्पतीतून आलेले म्हणून औषध निर्धोक ठरत नाही.

पेणला शिक्षकमित्रांशी बोलताना आम्ही ‘कास्ट’चे आकडे फळ्यावर मांडतो. विद्यार्थ्यांना शेकडेवारी काढू द्यावी: सुमारे ८.३ आणि ३.५. मग विचारावे, दुसरा गट नसता तर काय झाले असते? हे रुग्ण आधीच आजारी होते. त्यांचे मृत्यू आजाराच्या खात्यावर जमा झाले असते आणि औषध चालूच राहिले असते.