शनिवारी दुपारी तीन वाजता

उत्तर आयर्लंडमधलं न्यूरी आणि आयर्लंड प्रजासत्ताकातलं डंडॉक ही दोन गावं एकमेकांपासून जेमतेम २० किलोमीटरवर आहेत. मध्ये सरहद्द आहे, पण रस्त्यावर ना नाका ना तपासणी. तरी फुटबॉलच्या हंगामात शनिवारी दुपारचे तीन वाजले, की दोन्हीकडचे टीव्ही वेगळे वागू लागतात. डंडॉकमध्ये वर्गणी भरलेल्या माणसाला इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा त्या वेळचा एक सामना थेट बघता येतो. न्यूरीत एकही बघता येत नाही, कारण न्यूरी ब्रिटनमध्ये मोडतं आणि ब्रिटनमध्ये शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच हे अडीच तास थेट फुटबॉलला बंद असतात. हिवाळ्यात तेव्हा भारतात रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात आणि नागपूर-मडगावचा चाहता तोच सामना मोबाइलवर निवांत बघत असतो. सामना मँचेस्टरमध्ये, तो दिसतो मडगावात, आणि मैदानापासून दोन गल्ल्यांवर राहणाऱ्याला मात्र दिसत नाही. यामुळे बहुतेक जण ही बंदी म्हणजे जुन्या जमान्याचं खूळ समजतात. मला ते पटत नाही. बंदीमागची कल्पना रास्त आहे: लहान क्लबांना आठवड्यातली एक वेळ स्वतःची लागते. खोट आहे ती दुसरीकडे. ज्यांनी ही वेळ आपल्या घरी जपली, त्यांनीच शेजाऱ्याच्या घरी तिची पर्वा केली नाही.

तीनच का, याचं उत्तर गिरण्यांमध्ये सापडतं. १८५० च्या कारखाना कायद्याने ब्रिटनच्या कापड गिरण्यांमधलं बायकांचं आणि अल्पवयीन मुलांचं शनिवारचं काम दुपारी दोनला थांबवणं सक्तीचं झालं. त्यांच्याविना यंत्रं चालवणं अवघड, म्हणून पुरुषांनाही सुटी मिळू लागली. दोनला गिरणी सुटायची, घरी जाऊन दोन घास खाऊन तीनपर्यंत मैदान गाठता यायचं. १८८८ साली फुटबॉल लीग स्थापन झाली तेव्हा तिच्यातले बाराही क्लब लँकेशायर आणि मिडलंड्स या कारखानदारीच्या पट्ट्यातले होते. हिवाळ्यात अंधार लवकर पडतो, म्हणून तेव्हा सामने तीनच्याही आधी सुरू करावे लागत. २२ फेब्रुवारी १९५६ ला पोर्टस्मथमध्ये लीगचा पहिला सामना विजेच्या दिव्यांखाली झाला आणि नंतर मैदानामैदानावर दिवे लागत गेले, तशी तीनची वेळ वर्षभरासाठी कायम झाली. कामगारांच्या हक्कातून निघालेली ही वेळ पुढे क्लबांच्या तिजोरीचा आधार बनली. तिकिटांखेरीज त्यांना फारसं उत्पन्न नव्हतं, आणि पाहुण्या संघालाही यजमानांच्या तिकीटविक्रीतला वाटा मिळत असे. हा वाटा १९८३ साली बंद झाला. तोवर एका मैदानावरची गर्दी घटली, की तोटा दोन गावांना बसायचा.

अशा व्यवहारात टीव्हीची भीती वाटणं साहजिक होतं. १९६० साली आयटीव्ही वाहिनीने लीगचे २६ सामने थेट दाखवण्याचा करार केला आणि १० सप्टेंबरला ब्लॅकपूल विरुद्ध बोल्टन सामना दाखवला. ब्लॅकपूलच्या स्टॅनली मॅथ्यूजला बघायला लोक टीव्हीपुढे बसले, तर तो जखमी होऊन बाहेर. मग आर्सेनल आणि टॉटनम या क्लबांनी कॅमेरे आत घ्यायला नकार दिला आणि प्रयोग गुंडाळला गेला. २२ ऑगस्ट १९६४ ला बीबीसीने ‘मॅच ऑफ द डे’ सुरू केलं. त्यात दिवसभरातल्या एका सामन्याची क्षणचित्रं रात्री दाखवली जात. तेही बर्नली क्लबाचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांना मान्य नव्हतं. हे गृहस्थ पेशाने खाटीक. जेमतेम ८० हजार वस्तीच्या गावाचा त्यांचा संघ १९६० साली लीगविजेता झाला होता. त्यांनी बीबीसीचे कॅमेरे काही वर्षं मैदानात येऊच दिले नाहीत. घरबसल्या मोठ्या संघांचा सामना फुकट दिसला तर खालच्या श्रेणीतल्या क्लबाकडे कोण फिरकेल, हा त्यांचा सवाल होता. तो इतर अध्यक्षांना पटला आणि शनिवारची दुपार थेट प्रक्षेपणाला बंद झाली. पुढे युरोपच्या फुटबॉल महासंघाच्या, म्हणजे युएफाच्या नियमावलीत कलम ४८ ने या बंदीला जागा दिली: कुठल्याही देशाच्या संघटनेला शनिवारी किंवा रविवारी अडीच तास पडदा बंद ठेवता येतो, मात्र वरच्या श्रेणीतले निदान निम्मे सामने त्याच वेळात व्हायला हवेत.

बंदीमुळे ब्रिटिश टीव्हीवर एक वेगळाच कार्यक्रमप्रकार वाढला. बीबीसीच्या ‘ग्रँडस्टँड’मध्ये टेलिप्रिंटर एकेक अक्षर टंकत जाई आणि घरोघरी लोक त्या अक्षरांकडे डोळे लावून बसत, आधी संघाचं नाव, मग आकडा. पुढे स्काय वाहिनीच्या ‘सॉकर सॅटर्डे’मध्ये चार माजी खेळाडू समोरच्या पडद्यांवर सामने बघतात आणि गोल झाला की ओरडतात. प्रेक्षकाला सामना दिसत नाही, तो बघणाऱ्यांचे चेहरे दिसतात. तरी हा कार्यक्रम वर्षानुवर्षं आवडीने पाहिला जातो. लोकांना चित्रापेक्षा त्या वेळेत सामील होणं हवं असतं, असा मी याचा अर्थ लावते.

बंदीवरचा सगळ्यात वजनदार आक्षेप आकड्यांचा आहे. १९४८-४९ च्या हंगामात लीगच्या सामन्यांना ४ कोटी १० लाखांहून अधिक प्रेक्षक आले होते. १९८५-८६ मध्ये ते १ कोटी ६५ लाखांवर आले. ही घसरण झाली तेव्हा टीव्हीवर थेट लीग सामने जवळपास नव्हतेच. ते नियमित सुरू झाले १९८३ च्या ऑक्टोबरात. उलट १९९२ साली प्रीमियर लीग निघाली, स्कायने थेट सामन्यांचा सपाटा लावला आणि मैदानं पुन्हा भरली. लॉर्ड यांचं निदान चुकलं होतं, हे मान्य करायलाच हवं. मोटारी, मोडकळलेली मैदानं, हाणामाऱ्या यांनी प्रेक्षक पळवले. पण ही पुन्हा आलेली गर्दी शनिवारची दुपार राखीव असतानाच आली. त्यामुळे टीव्हीने काहीच बिघडत नाही, एवढा मोठा निष्कर्ष या आकड्यांतून निघत नाही.

मग जर्मनीचं उदाहरण पुढे येतं. तिथे बुंडेसलीगाचे, म्हणजे अव्वल श्रेणीचे, शनिवारी साडेतीनचे सामने सशुल्क वाहिनीवर थेट दिसतात, तरी तिथली मैदानं भरलेली असतात. स्वस्त तिकिटं, उभं राहून बघण्याच्या जागा, क्लबांवर सभासदांचा ताबा ही कारणं आहेतच. पण वेळापत्रकही नीट पाहावं. दुसऱ्या श्रेणीचे शनिवारचे दुपारचे सामने एक वाजता सुरू होतात आणि तिसऱ्या श्रेणीचे बरेचसे दोनला. म्हणजे वरच्यांचा खेळ रंगात येईपर्यंत खालच्यांचा बराचसा उरकलेला असतो. जर्मनांनी पडदा बंद केला नाही, घड्याळ वाटून घेतलं. लहान क्लबाला वेळ राखून देण्याचा हेतू दोन्हीकडे एकच आहे.

इंग्लंडमध्ये या बंदीला कोर्टातही आव्हान मिळालं. पोर्टस्मथच्या एका पबमालकिणीने महागडी ब्रिटिश वाहिनी सोडून ग्रीक वाहिनीचं डिकोडर कार्ड आणलं आणि शनिवारी तीनचे सामने गिऱ्हाइकांना दाखवले. ४ ऑक्टोबर २०११ ला युरोपीय न्यायालयाने निकाल दिला, की परदेशी कार्डांवरची बंदी युरोपच्या मुक्त बाजारपेठेत बसत नाही. फुटबॉलचा सामना ही लेखकाची कलाकृती नव्हे, त्यामुळे त्यावर कॉपीराइट नाही. मात्र प्रक्षेपणातलं लीगचं गीत आणि चित्राकृती यांवर आहे, हेही न्यायालयाने सांगितलं. त्यातून पळवाटा निघाल्या आणि बंदी टिकली. पण सरहद्दीनुसार बदलणारं प्रक्षेपण हा नियमाइतकाच विक्रीचाही मामला आहे, हे त्या खटल्याने उघड केलं.

आता आयर्लंडकडे वळू, कारण कुंपण नसलेल्या लहान लीगचं काय होतं हे तिथे दिसतं. आयर्लंडची स्वतःची वाहिनी ३१ डिसेंबर १९६१ ला सुरू झाली, पण त्याआधीपासूनच पूर्व किनाऱ्यावरचे लोक घरांवर उंच एरियल उभारून वेल्स आणि उत्तर आयर्लंडच्या मनोऱ्यांवरून ब्रिटिश कार्यक्रम पकडत होते. लहरींना सरहद्द नसते. लीग ऑफ आयर्लंडचे सामने बहुतांशी रविवारी दुपारी होत, आणि आयटीव्हीची फुटबॉलची क्षणचित्रंही रविवारी दुपारीच. डब्लिनच्या मैदानांवरची गर्दी ओसरली त्याला टीव्ही हे एकच कारण नव्हतं, पण इंग्लंडमध्ये लॉर्ड यांना ज्याची धास्ती होती ते इथे दर रविवारी घडत होतं आणि अडवायला कोणी नव्हतं. १९८७ साली शॅमरॉक रोव्हर्सचं मिलटाउनचं मैदान विकलं गेलं आणि देशातला सर्वांत यशस्वी क्लब २००९ पर्यंत भाड्याच्या मैदानांवर फिरत राहिला.

मिलटाउनचं मैदान गेलं त्याच सुमारास सेटांटा ही क्रीडा प्रक्षेपण कंपनी जन्माला आली. २१ जून १९९० ला विश्वचषकात आयर्लंड–नेदरलँड्स आणि इंग्लंड–इजिप्त हे सामने एकाच वेळी होते. ब्रिटिश वाहिन्यांनी अर्थातच इंग्लंड दाखवलं. लंडनमधल्या आयरिश मंडळींसाठी दोघा तरुणांनी ईलिंगच्या एका नाचघरात आयर्लंडचा सामना पडद्यावर लावला, आणि त्यातून धंदा उभा राहिला. शेजाऱ्याचा टीव्ही आपलं दाखवत नाही या तक्रारीतून निघालेल्या या कंपनीनेच पुढे शनिवारी तीनचा इंग्लिश सामना आयर्लंडमध्ये थेट दाखवला. नंतर ते हक्क इतरांकडे गेले, प्रथा चालू राहिली. प्रीमियर लीग स्वतःच्या देशात जे अडीच तास लहान क्लबांसाठी सोडते, तेच शेजारच्या देशात विकते.

यावर कोणी म्हणेल, आयर्लंडने आपलं कुंपण घालावं, कलम ४८ सर्वांना खुलं आहे. कागदावर ते खरं आहे. पण आयरिश क्लबांनी इंग्लिश फुटबॉलला टाळण्यासाठी आपले सामने शुक्रवारी संध्याकाळी नेले, आणि २००३ पासून हंगामही वसंत ते शरद असा फिरवला. कलम फक्त शनिवार-रविवारला लागू. शुक्रवारची ढाल ते देत नाही. २०१६ पासून प्रीमियर लीगने शुक्रवारी रात्रीही सामने ठेवायला सुरुवात केली, तेव्हा डब्लिनमधून कुठल्या नियमावर बोट ठेवून हरकत घ्यायची?

आयरिश प्रेक्षकालाच इंग्लिश फुटबॉल आवडतं, हेही खरं. तो पडदा बंद करा असं मी म्हणणार नाही. एखाद्याच्या घरातला टीव्ही बंद करून मैदान भरत नाही. आणि आयरिश लीग सावरते आहे: फेब्रुवारी २०२५ मध्ये डब्लिनच्या अविवा स्टेडियमवर बोहेमियन्स–शॅमरॉक रोव्हर्स सामन्याला ३३ हजारांवर लोक होते. पण हिशेब चुकता व्हायला हवा. २०२५ पासूनच्या चार हंगामांसाठी प्रीमियर लीगने फक्त ब्रिटनमधले हक्क ६७० कोटी पौंडांना विकले. इंग्लंडमधल्या खालच्या क्लबांना तिच्याकडून मदत मिळते. आयर्लंडमधून येणाऱ्या वर्गणीतला ठरलेला वाटा तिथल्या क्लबांना मिळायला हवा, कारण तिथला प्रेक्षक त्यांच्याच अंगणातून घेतलेला आहे. आता त्याला आणखी एक कारण झालं आहे. लियाम ब्रेडी पंधराव्या वर्षी डब्लिन सोडून आर्सेनलमध्ये गेला, तशी मुलं पिढ्यान् पिढ्या कोवळ्या वयात इंग्लंडला जात. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, १ जानेवारी २०२१ पासून, आयर्लंडच्या मुलांना अठरा वर्षांची होईपर्यंत इंग्लिश क्लबात जाता येत नाही. तोवर त्यांना प्रशिक्षक, मैदान, डॉक्टर आणि शाळेची सोय पुरवण्याचा खर्च आयरिश क्लबांच्या शुक्रवारच्या तिकीटविक्रीवर येऊन पडला आहे.