न बोलावता आलेली मुलं

स्काउट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? खाकी गणवेश, गळ्यातला स्कार्फ, शिट्टी आणि २६ जानेवारीचं संचलन. हुकूम सुटला की पाय उचलायचा. म्हणूनच ही चळवळ मुळात मुलांच्या निवडीतून वाढली, असं मी सांगितलं की घरातली नातवंडं हसतात. तर मंडळी, तो इतिहास आज थोडक्यात सांगते.

बेडन-पॉवेल हे इंग्रज लष्करी अधिकारी. त्यांचं टेहळणीवरचं पुस्तक १८९९ साली निघालं, ते सैनिकांसाठी. पण इंग्लंडातली पोरंच ते वाचून माग काढण्याचे खेळ खेळू लागली! ते पाहून त्यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचं शिबिर घेतलं. बड्या शाळांतली मुलं आणि साध्या घरांतली मुलं एकत्र. त्यांच्या चार तुकड्या केल्या, आणि प्रत्येकीचा नायक त्यांच्यातलाच एक मुलगा.

१९०८ मध्ये 'स्काउटिंग फॉर बॉइज' पंधरवड्याला एक अशा भागांत निघालं. मुलांनी खाऊच्या पैशांतून भाग घेतले, मित्र जमवले, तुकडी केली आणि मग एखाद्या मोठ्या माणसाला गाठून म्हणाली, "तुम्ही आमचे स्काउटमास्तर व्हा." आधी मुलं, मग मास्तर. हा क्रम मला फार आवडतो.

सप्टेंबर १९०९ मध्ये लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये हजारो स्काउटांचा मेळावा भरला. तिथे काही मुली न बोलावता आल्या आणि आपणही स्काउट आहोत असं सांगू लागल्या. त्यांचं म्हणणं अर्धंच ऐकलं गेलं. १९१० साली त्यांच्यासाठी गर्ल गाइड्स ही वेगळी संघटना निघाली, तिची धुरा बेडन-पॉवेल यांची बहीण अॅग्नेस यांच्याकडे आली. पुष्कळ मुलींना ही वेगळी चूल रुचली नाही, त्यांना स्काउटच व्हायचं होतं. ब्रिटनमधल्या स्काउट पथकांची दारं मुलींना सगळ्या वयोगटांत उघडायला १९९१ साल उजाडलं.

आपल्याकडे स्काउटिंग १९०९ मध्ये आलं, पण सुरुवातीला भारतीय मुलांना मज्जाव होता. अॅनी बेझंट, मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू यांनी भारतीय मुलांसाठी स्वतंत्र संघटना उभ्या केल्या. १९५० मध्ये भारत स्काउट्स आणि गाइड्स स्थापन झाली.

या पद्धतीत तुकडीनायकांची एक सभा असते, तिला मानसभा म्हणतात. पथकानं काय करायचं हे तिथे ठरावं, मास्तरांनी सल्ला द्यावा, धोका दिसला तर अडवावं, अशी मूळ कल्पना. शाळेत मात्र तासिका, परिपत्रक आणि अहवाल यांत ही सभाच हरवते. 'खरी कमाई'त भेळेची गाडी लावायची की सायकली पुसायच्या, हेसुद्धा पुष्कळदा शिक्षकच ठरवतात. मुलांनी ठरवलं तर भेळ खारट होईल, हिशेब चुकेल. पण तो चुकलेला हिशेब रात्री बसून जुळवतील तीही तीच मुलं, आणि त्यांना तो जन्मभर आठवेल.

मुलांना विचारणं म्हणजे त्यांचे लाड, असं अजून आपल्याला वाटतं. ११० वर्षांहून जुना हा इतिहास निराळंच सांगतो. तुमच्या घरची सुट्टीची सहल कोण ठरवतं? जरूर कळवा.