कलाभवन ते पुष्पबाग : बडोद्यातील विद्येची आणि हाताची गाठ

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणा मराठी मंडळींना बडोद्याचे नाव घेतले की सयाजीराव गायकवाडांची आठवण होते, आणि सयाजीरावांची आठवण झाली की सक्तीचे शिक्षण, फिरती वाचनालये आणि ग्रंथमाला यांची यादी ओघानेच येते. या यादीत कलाभवनाचे नाव असते खरे, पण बहुधा शेवटी, आणि तेही 'धंदेशिक्षणाची एक शाळा' एवढ्याच ओळखीने. या संस्थेने जो प्रश्न हाती घेतला तो शाळेपुरता नव्हता. पुस्तकातले शास्त्र आणि कारखान्यातला हात यांना एका छपराखाली नांदवता येईल काय, हा तो प्रश्न होय. आज 'लिबरल आर्ट्‌स' या नावाने नवी विद्यापीठे हाच प्रश्न मोठ्या थाटाने मांडीत आहेत. म्हणून त्याचे बडोद्यातील जुने प्रकरण पुन्हा उघडावे असे वाटले.

इ. स. १८८६ मध्ये त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे तेवीस वर्षांचे तरुण रसायनशास्त्राचे प्राध्यापक म्हणून बडोदा कॉलेजात रुजू झाले. कॉलेज मुंबई विद्यापीठाला जोडलेले. अर्थात शिकवणे सारे परीक्षेच्या दोरीने बांधलेले. गज्जर सुरतचे. घराणे सुतारकामाचे, 'गज्जर' या शब्दाचा अर्थच सुतार. रंधा आणि करवत यांच्या सान्निध्यात वाढलेल्या या पदवीधराला, रसायनशास्त्र शिकलेल्या मुलाने कधी कापडाला रंग दिलेला नसावा आणि पिढ्यान्‌पिढ्या कापड रंगवणाऱ्या रंगाऱ्याला रसायनशास्त्राचे अक्षर ठाऊक नसावे, ही गोष्ट सहन होणे शक्य नव्हते. त्यांनी महाराजांपुढे योजना मांडली आणि १८९० साली कलाभवन सुरू झाले. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या सयाजीरावांना हाताच्या कामाची किंमत कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

चित्रकला, यंत्रकाम, बांधकाम, कापडाची रंगाई आणि छपाई असे विषय तेथे शेजारी शेजारी शिकवले जात. पण कलाभवनाचे खरे वैशिष्ट्य विषयांच्या यादीत नव्हते, शिकवण्याच्या भाषेत होते. कारागिराच्या मुलाला शास्त्र द्यायचे तर ते त्याच्या घरच्या बोलीत दिले पाहिजे, असा गज्जरांचा आग्रह होता. म्हणून शिक्षण गुजराती आणि मराठी या भाषांतून. आणि त्यासाठी पुस्तके नाहीत असे दिसताच ती लिहवून घेण्याचा उद्योगही त्यांनी अंगावर घेतला. सयाजी ज्ञानमंजूषा ही माला त्यातूनच निघाली. शास्त्रीय परिभाषेच्या एका बहुभाषी कोशाचेही काम त्यांनी आरंभले होते. प्रयोगशाळेत उभ्या असलेल्या प्राध्यापकाने भट्टीकडे पाठ न फिरवता शब्दांची चिंता वाहावी, हे दृश्य आपल्याकडे तेव्हाही विरळा होते. आजही फारसे सुलभ झाले आहे असे वाटत नाही.

या व्यवस्थेत माणूस कसा घडे याचे उदाहरण आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून बडोद्यास आले आणि कलाभवनात शिकले. चित्रकलेचा विद्यार्थी म्हणून त्यांना तैलरंगांपाशी थांबवून ठेवणे अगदी सोपे होते. परंतु गज्जरांनी कलाभवनातील छायाचित्रणाची साधने आणि प्रयोगशाळा त्यांना मोकळी करून दिली. चित्र काढणारा हा तरुण प्रतिमाकरण, छायाचित्रण, शिलामुद्रण, ठसे तयार करणे अशा एकेका कसबात शिरत गेला. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला तेव्हा फाळके स्वतःच लेखक, दिग्दर्शक आणि रसायनांत फिल्म धुणारे होते, याचे आपल्याला आश्चर्य वाटते. कलाभवनातील त्यांची वर्षे ज्याने पाहिली असतील त्याला ते कमी वाटले असेल.

गज्जर स्वतः मात्र बडोद्यात फार काळ राहिले नाहीत. शतक संपण्यापूर्वीच ते मुंबईच्या विल्सन कॉलेजात गेले. तेथील एक हकीकत सांगण्याचा मोह आवरत नाही. १८९६ साली मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला कोणी रात्री डांबर फासले. डाग निघता निघेना. तो अखेर गज्जरांच्या रसायनविद्येने निघाला. डांबर फासणारे चापेकर बंधू होते, हे पुढे दामोदरपंतांच्या कबुलीतून जगाला कळले. एका बाजूला मराठी तरुणांचे धाडस, दुसऱ्या बाजूला गुजराती प्राध्यापकाचे कसब : वाचकांनी कोणाची बाजू घ्यायची ती घ्यावी! १९०७ साली बडोद्यात अलेम्बिक हा रसायनांचा कारखाना निघाला. त्याच्या संस्थापकांत गज्जरांच्या आणि भाईलालभाई अमीन यांच्या जोडीला कोटीभास्कर हे मराठी नाव आहे.

शास्त्र आणि प्रयोग यांची हीच ओढाताण बडोद्यात संगीताच्याही वाट्याला आली. १८८६ साली मौलाबक्षांच्या हाताखाली सरकारी गायनशाळा निघाली. तीत स्वरलेखनाच्या साहाय्याने गाणे शिकवले जाई. घराण्याच्या गवयांना ही कागदी विद्या रुचली नाही, यात नवल नाही. १९१६ साली पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तीही बडोद्यातच. श्रुतींची मापे काढणारे विद्वान आणि त्या श्रुती गळ्यातून काढणारे उस्ताद तेथे समोरासमोर बसले. ग्रंथाने गळ्याला हुकूम करायचा की गळ्याकडून ऐकून ग्रंथ दुरुस्त करायचा, हा वाद तेथे मिटला नाही. पण दोन्ही पक्ष एका मांडवात आले, हेच मला परिषदेचे मोठे फळ वाटते.

१९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले. हंसाबेन मेहता पहिल्या कुलगुरू झाल्या, आणि पुढच्याच वर्षी ललितकला विद्याशाखा सुरू झाली. चित्रकाराला विद्यापीठाची पदवी देण्याची आपल्या देशातली ही सुरुवात. पदविकेचा कागद घेऊन बाहेर पडणाऱ्या चित्रकाराला पदवीधरांच्या पंगतीत पाट मिळाला, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे चित्रकला विभागावर आले; शंखो चौधुरी शिल्पकलेवर; पुढे के. जी. सुब्रमण्यन. रंग कालवणाऱ्या विद्यार्थ्याने कलेचा इतिहास शिकलाच पाहिजे, आणि इतिहास शिकणाऱ्याने कलाशाळेच्या दारात पाऊल टाकलेच पाहिजे, असा पाठ्यक्रम बांधला गेला. त्याचा परिणाम कधी कधी योजकांच्याही कल्पनेपलीकडे जाई. मुंबईचे हिशेबतपासनीस भूपेन खख्खर १९६० नंतरच्या वर्षांत बडोद्यास आले ते कलासमीक्षा शिकण्यासाठी. शास्त्राच्या दाराने आत आलेला हा गृहस्थ चित्रकार म्हणून जगभर गाजला.

येथवर सारे भरभराटीचे वृत्त झाले. पण एक गोष्ट मनाला टोचते आणि ती न सांगता पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. विद्यापीठ झाले तेव्हा कलाभवनाचे रूपांतर तंत्र व अभियांत्रिकी विद्याशाखेत झाले. म्हणजे फाळक्यांसारख्याला ज्या दोन दालनांत सहज ये-जा करता येत होती, त्यांच्यामध्ये आता दोन विद्याशाखांची भिंत उभी राहिली : यंत्र आणि रसायन एकीकडे, चित्र आणि शिल्प दुसरीकडे. त्याहून जड गोष्ट भाषेची. नव्या विद्यापीठाचे माध्यम इंग्रजी ठरले. परप्रांतांतून विद्यार्थी आले, प्राध्यापक आले, बडोद्याचे नाव दूर गेले, हे सर्व त्यामुळेच साधले. आपल्यासारख्या ठिकठिकाणी बदली होणाऱ्या कुटुंबांतील मुलांचीही सोय झाली. पण गज्जरांनी ज्याच्यासाठी पुस्तके लिहवली होती तो रंगाऱ्याचा, सुताराचा मुलगा त्याच दाराशी अडला. पदवीने हाताला मान दिला, परंतु ज्याचा हात आधीपासूनच तयार होता त्यालाच आत येणे कठीण करून ठेवले. हा सौदा टाळता आला असता की नाही, याविषयी मतभेद होऊ शकतील. माझ्या मते निदान परिभाषेचे आणि पाठ्यपुस्तकांचे काम मध्येच सोडून द्यायला नको होते.

सुब्रमण्यन यांना ही उणीव जाणवत असावी असे त्यांच्या कामावरून वाटते. १९६१ पासून ललितकला विद्याशाखेत मेळा भरू लागला, आणि त्यात विद्यार्थी आणि शिक्षक मिळून लाकडाची, कापडाची, मण्यांची खेळणी करून गावच्या लोकांना विकू लागले. देशभरच्या कारागिरांचे काम हा सुब्रमण्यन यांच्या अभ्यासाचा आणि लेखनाचा विषय होता. त्यांचे सहकारी ज्योती भट्ट खेड्यांतील भिंतींवरची आणि अंगणांतली चित्रे कॅमेऱ्यात टिपत वर्षानुवर्षे हिंडले. कारागीर वर्गात येत नाही, तर वर्गाने त्याच्या अंगणात जावे, असा हा प्रकार होता.

ललितकला विद्याशाखा पुष्पबागेत आहे. दांडिया बाजाराजवळ रिक्षावाल्याला नुसते 'कलाभवन' म्हटले, तर तो आपल्याला अभियांत्रिकीच्या फाटकाशी उतरवील. चित्रे पाहायची असतील तर पत्ता निराळा सांगावा लागतो.