उलट्या रेघेचा इतिहास : थ्रेड

विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट लिनक्सवर नेली की पुष्कळदा ती फाइलच्या पत्त्यापाशीच अडते. एकीकडे फोल्डरांची नावे '\' ने वेगळी केली जातात, दुसरीकडे '/' ने. या भेदामागे तांत्रिक तत्त्व शोधू नये. हा केवळ क्रमाचा परिणाम आहे : कोण आधी आले आणि कोणी जागा अडवली.

मल्टिक्स या प्रणालीत पत्त्याचे भाग '>' ने तोडले जात. १९६९ मध्ये बेल लॅब्स त्या प्रकल्पातून बाहेर पडली. तेथेच केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स उभारली आणि पत्त्यासाठी '/' घेतला.

१९८१ च्या एमएस-डॉसमध्ये फोल्डरच नव्हते. फ्लॉपीवर असतील त्या साऱ्या फाइल्स एकाच यादीत. '/' मात्र तेथे कामाला लागलेला होता : आज्ञेपुढे तो लावून पर्याय सांगायचे, ही डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या संगणकांवरून उतरलेली रीत.

मार्च १९८३ मध्ये आयबीएमचा पीसी एक्सटी १० मेगाबाइटची हार्ड डिस्क घेऊन आला. एवढ्या जागेला एक यादी पुरणार कशी? डॉस २.० मध्ये फोल्डर आले. मायक्रोसॉफ्टजवळ झेनिक्स नावाची स्वतःची युनिक्स होती, त्यामुळे '/' तिला परका नव्हता. परंतु तो पत्त्याला दिला असता तर लोकांच्या जुन्या आज्ञा मोडल्या असत्या. म्हणून '\' निवडला गेला. गंमत अशी, की डॉसच्या गाभ्याला दोन्ही रेघा चालत; अडचण होती ती आज्ञा वाचणाऱ्या प्रोग्रामची.

ही उलटी रेघही मोकळी नव्हतीच. बॉब बेमर यांच्या आग्रहाने ती आस्कीत आली होती, अल्गोल भाषेतील 'आणि' व 'किंवा' ही चिन्हे /\ आणि \/ अशी लिहिता यावीत म्हणून. पुढे सी भाषेने तिला विशेष अर्थ दिला. त्यामुळे पत्त्यात '\' नंतर इंग्रजी 'एन'ने सुरू होणारे नाव आले, की सी तेथे नवी ओळ समजते! जपानी संगणकांवर तर त्याच सांकेतिक क्रमांकाला येनचे चिन्ह असल्याने पत्ते '¥' ने लिहिलेले दिसत.

पायथॉनमध्ये २०१४ पासून 'पाथलिब' आहे. चालू प्रणालीची रेघ ते स्वतः निवडते. तरीही हाताने लिहिलेला '\' लिनक्सवर गेला, तर नेहमी चूक दाखवली जातेच असे नाही. तेथे '\' हे फाइलच्या नावातले वैध अक्षर आहे. स्क्रिप्ट मुकाट्याने चालते, आणि फोल्डरात जायची फाइल बाहेरच, पूर्ण पत्ता हेच नाव घेऊन तयार होते.